ग्रिम्स्बीचा ट्रॉलर परभणीत: आधी मासेमारीचा, मग नेव्हीचा (प्रकल्प नोंदी)

८ जून

आज रविवार, वर्कशॉप बंद. शटर अर्धं ओढून बसलो आणि पहिली रेघ मारली. दोन वर्षं डोक्यात होतं, सुरू झालं एकदाचं.

बोट म्हणजे एचएमटी (हिज मॅजेस्टीज ट्रॉलर) बेडफर्डशायर. इंग्लंडमधे १९३५ ला स्मिथ्स डॉकच्या यार्डात बांधलेला मासेमारीचा ट्रॉलर, म्हणजे मागं जाळं ओढत नेणारी बोट, बंदर ग्रिम्स्बी, वाफेचं इंजिन, खाद्य कोळसा. १९३९ ला युद्ध अगदी दारात आलं तेव्हा ब्रिटिश नेव्हीनं तो विकत घेतला, पुढं तोफ बसवली, मागं डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) ठेवले आणि पाणबुड्या शोधायला लावला. असे शेकड्यानं ट्रॉलर घेतले होते त्यांनी, हा त्यातला एक.

घरी पहिला प्रश्न हाच आला की परभणीत बसून जहाज कामून, समुद्र इथून चारशे-पाचशे किलोमीटर. माझं उत्तर असं की मी लेथवाला आहे. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, कारखान्याच्या सीझनमधे पडेल ते. आणि माझ्याकडं येणाऱ्या कामातलं निम्मं काम हेच असतंय, एका कामासाठी बनलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावायची. जुन्या डिझेल इंजिनावर गिरणी, मोटारसायकलच्या चाकावर कोळपं. त्यात काय काढायचं आणि काय ठेवायचं ह्यातच सगळी अक्कल लागते. मासे धरणारं जहाज लढाईला कसं लावलं ते मला वाचून नाही, हातानं करून बघायचंय.

म्हणून थेट नेव्हीचा ट्रॉलर बांधणार नाही. आधी १९३५ चा मासेमारीचा पूर्ण बांधायचा, पाण्यात सोडायचा, जाळं ओढून बघायचं, आणि मग त्याच मॉडेलवर यार्डानं केला तसा बदल करायचा. दुप्पट काम आहे, चालतंय.

१५ जून

आकडेमोड. लांबी १६२ फूट, रुंदी साधारण पावणेसत्तावीस फूट. स्केल १:४८ धरलंय कारण एक फूट म्हणजे बरोबर पाव इंच, डोक्यात हिशोब होतो. म्हणजे मॉडेल १०३० मिमी लांब, १७० मिमी रुंद. दुचाकीवर नेता येत नाही, दाजींच्या पिकअपमधे नेता येतं.

टनाच्या आकड्यानं मला आधी फसवलं होतं. सगळीकडं ४४३ टन लिहिलेलं असतंय आणि मी ते वजन समजून बसलो होतो. ते वजन नाही, ग्रॉस टन आहे, म्हणजे आतली जागा, एक टन म्हणजे १०० घनफूट. आपण कोठी किती पोत्यांची आहे असं सांगतो तसं. जहाज तरंगताना खरं किती वजनाचं पाणी बाजूला सारतं तो आकडा वेगळा, त्या काळच्या ट्रॉलरच्या रेषा धरून मी तो ९०० टनाच्या आसपास काढला. मॉडेलसाठी ४८ चा घन करून भागायचं, १,१०,५९२ नं. येतंय ८.१ किलो. म्हणजे बोट, बॅटरी, मोटर, वरचं सगळं सामान धरून ८.१ किलो भरलं पाहिजे, तरच पाण्याची रेघ जागेवर बसेल.

रेषा काढताना कळलं की हे जहाज दिसायला ओबडधोबड पण अंगानं फार विचार करून बांधलेलं. पुढचं नाक उंच, कारण हे ट्रॉलर आइसलँडच्या पुढं पार उत्तरेला जायचे आणि तिथला समुद्र काही सरळ नसतो. बुड मागं खोल होत जातं म्हणजे मोठा पंखा पूर्ण पाण्यात राहतो, कारण नुसतं पळायचं नाही तर तळाशी टनावारी ओझं ओढत तासन्‌तास चालायचंय. आपल्याकडं ट्रॅक्टर आणि जीपमधे जो फरक तोच.

२९ जून

पेरण्या सुरू झाल्यात त्यामुळं वर्कशॉपमधे श्वास घ्यायला वेळ नाही, पेरणी यंत्राचे फण, बेअरिंग, चेनचे स्प्रॉकेट, रोज रात्री आठ. तरी फ्रेम कापून झाल्या. ६ मिमी प्लायच्या १९ फ्रेम, सॉ मिलमधून आणलेल्या सागाच्या पट्ट्या ६ बाय ३. पट्टी पुढं नाकाकडं वळवताना तुटायची. रात्रभर भिजवून मग सायलेन्सरच्या पाइपवर गरम करून वळवली तेव्हा बसली.

१३ जुलै

फायबरचं काम. आपल्याकडं कूलरच्या फायबर बॉड्या बनवणारे आहेत म्हणून रेझिन, हार्डनर आणि मॅट सुटं मिळतं, नाहीतर पुण्याहून मागवावं लागलं असतं. पहिला थर वाया गेला. हवेत ओल होती, मी घाई केली, हार्डनर अंदाजानं टाकला आणि दोन दिवसांनी पण बोट लावलं की चिकट. सगळा थर खरवडून काढला, एक रविवार गेला. दुसऱ्यांदा वजन काट्यावर मोजून घेतलं, हॅलोजनचा दिवा लावून उबेत ठेवलं, टणक झालं. चूक माझीच होती, ज्याचं माप ठरलेलं असतंय त्यात अंदाज चालत नाही हे मला लेथवर तीस वर्षं माहीत आहे.

२७ जुलै

इंजिन आणि पंखा. खऱ्या जहाजात ट्रिपल एक्सपान्शन इंजिन, म्हणजे वाफ आधी लहान सिलिंडरमधे काम करते, तिथून निघालेली कमी दाबाची वाफ मधल्यात, आणि उरलेली सगळ्यात मोठ्यात. एकच वाफ तीनदा कामाला लावायची. साधं, दणकट, आणि समुद्रात बिघडलं तर हातोडी-पान्यानं दुरुस्त होणारं. मला हे इंजिन मनापासून आवडतं. मॉडेलमधे खरी वाफ ठेवायची फार इच्छा होती पण आत माणसं ठेवायची जागा मोकळी पाहिजे (का ते पुढं येईल) म्हणून १२ व्होल्टची गिअर मोटर घेतली.

अशी इंजिनं हळू फिरतात, मी मिनिटाला १२० फेरे धरले. मॉडेल लहान झालं की फेरे ४८ च्या वर्गमुळानं वाढवायचे, ६.९३ पट, म्हणजे ८३०. हजार आरपीएमची गिअर मोटर मिळते, तीच थोडी कमी करून चालवली. वेगाचं उलटं, तो वर्गमुळानं भागायचा. खरा वेग १२ नॉट (तासाला साधारण २२ किलोमीटर) म्हणजे मॉडेलला सेकंदाला ९० सेंटिमीटर. आपण रमतगमत चालतो तेवढं. पंखा चार पात्यांचा, २ मिमी पितळी पत्र्यातून कापून ब्रेझिंग केलं, ७० मिमी व्यास. स्टर्न ट्यूबला (पंख्याचा शाफ्ट बाहेर जातो ती नळी) दोन्हीकडं गनमेटलचे बुश टाकले आणि मधे ग्रीस.

१० ऑगस्ट

डेकवरचं सामान. हा भाग मी सगळ्यात हळू केला आणि मुद्दाम हळू केला.

ट्रॉलरच्या बाजूला लोखंडी कमानी असतात, एक पुढं एक मागं, उलट्या यू सारख्या. त्यांना गॅलोज म्हणतात. जाळ्याच्या तारा ह्या कमानीच्या कप्पीवरून पाण्यात जातात. मधे विंच, वाफेवर चालणारा, दोन मोठे ड्रम आणि त्यावर मैलभर तार. विंचच्या पुढं माशांचं कोठार, आत बर्फ. आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांना दोन जड फळ्या, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेल्या, दरवाज्याच्या पल्ल्यासारख्या. ह्यांना ऑटर बोर्ड म्हणतात. बोट पुढं चालली की पाणी ह्या फळ्यांवर तिरपं आदळतं, एक फळी डावीकडं पळते एक उजवीकडं, आणि मधे जाळ्याचं तोंड उघडं राहतं. सगळी करामत त्या तिरपेपणात आहे.

फळ्या ५५ बाय २५ मिमीच्या केल्या, सागाच्या, खाली पितळी पट्टी वजनाला. जाळं मच्छरदाणीचं. पोरगी आठवीत आहे, तिनं शिवलं, माझ्यापेक्षा सुबक.

२४ ऑगस्ट

पोळा परवाच झाला, बैलांच्या शिंगांना अजून रंग तसाच. आज दाजींच्या शेततळ्यात बोट पहिल्यांदा पाण्यात सोडली. गाव गंगाखेड तालुक्यात, तळं तीस बाय तीस मीटर, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, मासोळी धरण जवळच. सोडायच्या आधी दाजींनी नारळ फोडला. मी नको म्हणालो नाही.

पाण्याची रेघ बरोबर बसली. ३.४ किलो वजन खाली टाकावं लागलं, वर्कशॉपमधले लोखंडी तुकडे रेझिनमधे बसवले. मग कलंडण्याची परीक्षा घेतली. पद्धत सोपी आहे, डेकच्या मधोमध ठेवलेलं १०० ग्रॅमचं वजन ७ सेंटिमीटर बाजूला सरकवायचं आणि बोट किती अंश कलते ते बघायचं. ६ अंश कलली. ह्यावरून बोटीचा तोल किती पक्का ते निघतं (आकडा मोठा तितका तोल पक्का), आला ८ मिलिमीटर, खऱ्या जहाजात साधारण ४० सेंटिमीटर. आकडा जपून ठेवलाय, बदल केल्यावर परत मोजायचाय.

जाळं मात्र चाललं नाही. दोन्ही फळ्या आडव्या पडल्या आणि एकमेकीला चिकटून मागं घसटत आल्या, जाळ्याचं तोंड मिटलेलं.

दाजींच्या ओळखीचे एक भोई मामा बघायला आले होते, जन्मभर गोदावरीत जाळं टाकलेला माणूस. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बापू, हे दार कामून लावलंय जाळ्याला?"

मी म्हणालो मामा, तोंड उघडं ठेवायला.

"आम्ही नदीत मोठं जाळं ओढायचो तर एक गडी ह्या काठानं चालायचा अन् एक त्या काठानं. मधे जाळं आपसूक उघडं राहायचं. समुद्राला काठच नाही म्हणल्यावर दुसरा गडी कुठून आणावा, म्हणून हे दार केलं असंल त्यांनी."

मी ऑटर बोर्डबद्दल इतकं वाचलंय पण इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं. फळी म्हणजे त्या काठचा गडी.

३१ ऑगस्ट

गणपती बसलेत, कॉलनीत आरतीचा आवाज, आणि मी फळ्यांना कन्नी बांधायलो. खरंच कन्नीच आहे ती. संक्रांतीला पतंगाला कन्नी बांधताना वरचा दोरा जरा आखूड जरा लांब करून पतंग सरळ उभा राहतो का बघतो, तेच इथं. तार फळीच्या मधोमध बांधली होती ती पुढं घेतली, फळी तिरपी उभी राहायला लागली. खालची पट्टी अजून ४ ग्रॅम जड केली. आज तळ्यावर जाळ्याचं तोंड ४० सेंटिमीटर उघडं राहिलं, आधी जेमतेम १० होतं. तळाला गेलेली दोन चिंचेची पानं आणि एक खेकडा आला जाळ्यात. पोरीनं खेकडा परत सोडला.

आता ह्या फळीचं युद्धाशी काय नातं ते लिहून ठेवतो, कारण मला ह्या सगळ्या प्रकल्पात हेच सगळ्यात मोठं वाटतं.

समुद्रातले जुने सुरुंग असे असायचे की तळाशी एक वजन, त्याला तार, आणि तारेच्या वर पाण्यात तरंगणारा लोखंडी गोळा. गोळ्यावर शिशाची शिंगं, शिंगाच्या आत काचेची नळी, नळीत आम्ल. जहाज घासलं की शिंग वाकतं, काच फुटते, आम्ल खाली उतरून बॅटरी तयार होते आणि स्फोट. असे सुरुंग काढायचे तर तळाची तार कापायची, मग गोळा वर येतो आणि त्याला लांबून गोळी घालतात. पहिल्या महायुद्धात हे काम दोन जहाजं मधे एक तार धरून जोडीनं चालत करायची. भोई मामांचे दोन काठाचे दोन गडी, अगदी तेच. ब्रिटिश नेव्हीनं त्या कामाला ट्रॉलर आणि त्यांच्यावरचे मासेमारच घेतले, कारण पाण्याखाली तार ओढत नेणं, ती कशी ताणते, कुठं अडकली हे हाताला कळणं, हे त्यांचं रोजचं होतं. नेव्हीच्या शिकलेल्या खलाशाला ते नव्यानं शिकवावं लागलं असतं.

आणि १९१९ मधे एकाच जहाजानं ओढायची पद्धत आली. तारेच्या टोकाला पट्ट्या-पट्ट्यांची ऑटर फळी, ती तार बाहेर खेचते. वर एक लांबट तरंगता फ्लोट, म्हणजे फळी बुडत नाही. आणि जहाजाच्या मागं जवळच दुसरी तशीच चौकट पण आडवी, ती तार खाली दाबून धरते, तिचं नाव काइट, पतंग. ज्या ट्रॉलरवर हे करून बघितलं त्याचं नाव ओरोपेसा, म्हणून पद्धतीचं नाव ओरोपेसा स्वीप. दुसरा गडी परत एकदा फळीनं बदलला. सुरुंग काढून मोकळ्या केलेल्या वाटेवर झेंड्याचे डॅन बॉय (तरंगत्या खुणा) लावायचे, ते सुद्धा मासेमारांचेच, जाळं कुठं टाकलंय त्याची खूण म्हणून वापरायचे ते.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन करून आलो. आमचे आजोबा १९४८ च्या आधीच्या गोष्टी सांगायचे, सारा, रझाकार, रात्री गाव सोडून शिवारात झोपणं. आज एक गोष्ट सारखी आठवायली. दुसऱ्या महायुद्धात हैदराबादच्या निझामानं दिलेल्या पैशामुळं एका डिस्ट्रॉयरला त्याचं नाव दिलं होतं, एचएमएएस निझाम, १९४१ ला ऑस्ट्रेलियाच्या नेव्हीत दाखल झाली. आपण तेव्हा त्याच राज्यात होतो. म्हणजे ज्या समुद्राचा मराठवाड्याशी काही संबंध नाही असं मी जूनमधे ऐकून घेतलं त्या समुद्रावर इथल्या साऱ्याचा पैसा पण कुठंतरी फिरला असणार. हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, लक्षात राहावं म्हणून लिहितो.

दुपारी बदलाचं काम सुरू केलं. पहिल्यांदा गॅलोज काढल्या. तीन आठवडे खपून केलेल्या कमानी, करवतीनं नाही, बोल्ट खोलून काढल्या, यार्डातही कुणी तरी असंच पान्यानं खोलल्या असतील. मग जाळं, फळ्या, तारा. विंचचा विचार दोन दिवस केला. सुरुंग काढणाऱ्या ट्रॉलरला विंच पाहिजेच, तार त्यावरच गुंडाळायची. पण बेडफर्डशायर पाणबुडीवर जाणारी, तिला तार ओढायची नाही. मॉडेलवरून विंच काढला, खालचा पाया ठेवला आणि डेकवरची बोल्टची भोकं बुजवली नाहीत. कुणी वाकून बघितलं तर दिसली पाहिजेत. काढलेलं सगळं सामान एका डब्यात तारखेसकट.

२८ सप्टेंबर

काम बंद. आठवडाभर पाऊस, नदीनाले फुगलेत, दाजींचं सोयाबीन पाण्यात, शेंगा झाडावरच कोंब धरायल्या. शेततळं भरून वाहतंय पण त्याकडं बघवत नाही. चार दिवस त्यांच्याकडंच होतो, मोटर काढणे, बांध फोडून पाणी वाट करून देणे. बोट माळ्यावर.

५ ऑक्टोबर

परत सुरू. तोफ ४ इंची म्हणजे १०२ मिमी. नळीची लांबी ४० कॅलिबर, म्हणजे भोकाच्या ४० पट, धरली तर मॉडेलवर ८५ मिमी. ६ मिमी पितळी रॉडला दोन टप्प्यात टेपर दिला, टोकाला २ मिमीचं भोक. लेथवर हे तासाभराचं काम, पण तिचा चौथरा तयार करायला दोन रविवार जाणार. तोफ डेकवर ठेवत नाहीत, नाकाच्या मागं उंच चौथऱ्यावर ठेवतात, नाहीतर लाट आली की तोफखान्याची माणसं वाहून जातील. चौथऱ्याखाली डेकला आधार द्यावा लागतो, झटका खाली उतरला पाहिजे.

डेप्थ चार्ज पण केले. मार्क सात नावाचा सगळ्यात जास्त वापरला गेलेला, दिसायला रॉकेलच्या बारक्या पिंपासारखा, आत २९० पौंड अमाटॉल स्फोटक. किती खोलीवर फुटायचं ते आधी ठरवतात, पाण्याचा दाब ठरलेला झाला की आतला खटका सुटतो. सव्वानऊ मिमी व्यास, साडेचौदा लांबी, अॅल्युमिनियम रॉडमधून चोवीस नग. मागच्या टोकाला उतरते रूळ केले, चार्ज त्यावरून घरंगळत पाण्यात पडतात. ज्या डेकवर मासे साफ करायचे त्याच डेकवरून.

पाणबुडी शोधायला असडिक, बुडाखाली घुमट, त्यातून आवाजाचा ठोका पाण्यात जातो आणि पाणबुडीवर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून अंतर. घुमट मी एका जुन्या प्लंबिंगच्या टोपीतून केला.

माशांच्या कोठाराचं सगळ्यात जास्त बदललं. मासेमारीला वीसएक माणसं पुरायची, नेव्हीत बेडफर्डशायरवर ३७. एवढी माणसं कुठं झोपवायची, तर बर्फ आणि माशांच्या जागी. बाकं, झोळ्या, दारूगोळ्याची खोली. अशा बोटींवर राहिलेल्या माणसांना तो वास कधी पूर्ण गेला असेल असं मला वाटत नाही.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली, पाहुणे गेले. रंग. करड्याच्या तीन छटा करून बघितल्या, पांढऱ्यात काळा आणि चिमूटभर निळा, सूर्यप्रकाशात नेऊन ठरवलं. बाजूला एफवाय १४१ हा तिचा नेव्हीतला नंबर लिहिला, स्टेन्सिल पोरीनं कापलं.

परत कलंडण्याची परीक्षा, ह्यावेळी वर्कशॉपच्या हौदात. वजन तेच, सरकवणं तेच, पण आता ९ अंश कलली. तोल ८ मिलिमीटरवरून साडेपाचवर आला, म्हणजे खऱ्या जहाजात ४० सेंटिमीटरचे २६. तोफ वर गेली, चौथरा वर गेला, ब्रिजवर (जहाज चालवतात ती वरची जागा) सामान वाढलं, आणि खाली कोठारातलं मासे-बर्फाचं वजन गेलं. कागदावर हे माहीत होतं पण हौदात ती हळूहळू डोलत परत सरळ व्हायला लागली तेव्हा पोटात गलबललं. खाली अजून ४०० ग्रॅम टाकले आणि वरून तेवढेच कमी केले, चौथऱ्याची पितळी प्लेट काढून पत्र्याची केली. आता ७ अंश.

१६ नोव्हेंबर

ह्या माणसांबद्दल लिहायचं राहिलं होतं.

ह्या बोटींच्या दलाचं नाव रॉयल नेव्हल पट्रोल सर्व्हिस. मुख्य ठिकाण लोस्टॉफ्ट, इंग्लंडचं सगळ्यात पूर्वेचं गाव, आणि तिथली जागा म्हणजे एक बाग, जिथं उन्हाळ्यात गाण्याबजावण्याचे कार्यक्रम व्हायचे. बागेचं नाव स्पॅरोज नेस्ट, चिमणीचं घरटं. १९३९ च्या ऑगस्टमधे मासेमारांना बोलावणं आलं ते ह्या घरट्यात. त्यांच्यात स्किपर हा हुद्दाच होता, मासेमार बोटीचा तांडेल तोच नेव्हीत स्किपर. सहा महिने काम केलं की एक चांदीचा बिल्ला मिळायचा, त्यावर मासेमारीचं जाळं, जाळ्यात अडकलेले दोन सुरुंग आणि मधे सळईनं विंधलेला शार्क. तो बिल्ला ज्यानं काढला त्यानं ह्या माणसांना ओळखलं होतं. लोस्टॉफ्टला ह्या दलाचं स्मारक आहे, त्यावर २,३८५ नावं आहेत. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशांची.

बेडफर्डशायरचं असं झालं. १९४२ च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर येऊन मालवाहू जहाजं बुडवायला लागल्या आणि अमेरिकेकडं राखणीला लहान जहाजं पुरेशी नव्हती. ब्रिटननं २४ ट्रॉलर मदतीला पाठवले, कोळशावर चालणारे, माशांच्या बोटी, अटलांटिक ओलांडून. ११ मे च्या रात्री नॉर्थ कॅरोलायनासमोर यू-५५८ ह्या पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. ३७ च्या ३७ गेले.

काही दिवसांनी ओक्राकोक नावाच्या बेटावर मृतदेह लागले. चौघांची कबर तिथं आहे, दोघांची ओळख पटली, दोघांची नाही. ओळख पटलेल्यातल्या एका अधिकाऱ्यानं काही आठवडे आधीच दुसऱ्या एका बुडालेल्या ब्रिटिश जहाजावरच्या खलाशांच्या दफनासाठी झेंडे दिले होते. त्यातलाच एक झेंडा उरला होता, तो त्याच्या स्वतःच्या पेटीवर घातला. दरवर्षी मे महिन्यात बेटावरचे लोक आणि दोन्ही देशांची माणसं तिथं जमतात. हे मी पोरीला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "पप्पा, माणसं किती केलीत आपण?"

डेकवर नऊ. तोफेवर चार, ब्रिजवर दोन, मागं रुळांपाशी तीन.

"मग बाकीचे?"

मी म्हणालो बाकीचे आत असतात, दिसत नाहीत. तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला पण आत जागा त्यासाठीच पाहिजे होती, जुलैपासून.

२३ नोव्हेंबर

एम-सीलची २८ माणसं. १:४८ ला माणूस ३६ मिमी. पोरीनं केली, तारेचा सांगाडा मी दिला. दोघांना तिनं बसवलंय, एक चहाचा मग घेऊन, एक स्टोकर (भट्टीत कोळसा टाकणारा) फावडं घेऊन, काही झोपलेली. प्रत्येकाचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सगळ्यांचं मिळून ९८. तेवढं लोखंड खालून काढलं. जिथं माशांचं कोठार होतं तिथं एका पातळ प्लायवर चिकटवली आणि हॅच बसवलं.

३० नोव्हेंबर

मासोळीवर. सकाळी सात, वारा थोडा, पाणी काठोकाठ. भोई मामा आले होते, दाजी, पोरगी. काठाला चारदोन माणसं कपडे धुवायला.

पहिला फेरा सरळ, शंभर मीटर, मोजून १ मिनिट ५५ सेकंद, म्हणजे ९० सेंटिमीटरला जरा कमी. वळणावर कलते पण सावरते. मधे वाऱ्याची एक झुळूक आली, लाटा जेमतेम वीतभर, पण बोटीच्या मानानं त्या डोंगराएवढ्या, नाक पूर्ण पाण्यात गेलं आणि तोफेखालून पाणी दोन्ही बाजूंनी वाहून गेलं. चौथरा उंच का ठेवतात ते दिसलं. मामा उकिडवे बसून बघत होते, म्हणाले, "जाळं काढलं का हिचं?"

हाव म्हणालो, लढाईला गेली ती.

"अन् परत आली की लावतील?"

डबा गाडीतच होता. मी नेला दाखवायला, कमानी, फळ्या, विंच, मच्छरदाणीचं जाळं. त्यांनी फळी हातात घेतली, कन्नी बघितली, बोटानं ताणून बघितली आणि परत नीट गुंडाळून ठेवली.

चाळीस मिनिटं चालली, मग बॅटरी उतरली. बाहेर काढून हॅच उघडलं. आत तळाला वाटीभर पाणी, शाफ्टच्या बाजूनं आलेलं. माणसं कोरडी होती. स्टर्न ट्यूबला ग्रीस परत भरायचं, मागचा बुश पाव मिमी घट्ट करायचा.